निकोलाउसचा रिकामा बूट: घरात जर्मन सणवार कसे करता?

रानजाई | ७ डिसेंबर, रात्री १०:४२

आम्ही श्टुटगार्टला राहतो, तीन वर्षं झाली. लेक सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत गेला. धाकटी तीनची, किटात (इथलं पाळणाघर-बालवाडी) जाते.

काल लेक शाळेतून आला तो गप्पच. जेवताना हळूहळू बाहेर पडलं. वर्गात सगळ्यांनी सांगितलं, रात्री निकोलाउसने (५ डिसेंबरच्या रात्री मुलांच्या बुटात खाऊ ठेवणारा संत) बुटात काय ठेवलं ते. कुणाला संत्री, कुणाला अक्रोड, कुणाला चॉकलेट. याची पाळी आली तेव्हा हा म्हणाला, "आमच्याकडे आला नाही." बाईंनी सावरून घेतलं म्हणे. पण घरी येऊन मला विचारतो, "आई, मी वाईट वागलो का?"

घास घशातच अडकला.

किटात असताना निकोलाउस किटातच यायचा. तिथेच मोज्यात खाऊ मिळायचा, त्यामुळे घरीही काही करायचं असतं हे आमच्या गावीच नव्हतं. मला वाटायचं, हा नाताळबाबाचाच कुणीतरी चुलतभाऊ, २४ तारखेला एकदम उरकू.

आम्ही गणपती बसवतो. गुढी बाल्कनीत उभारतो (घरमालकांना आधी सांगून). दिवाळीला मी चकल्या करते, सोऱ्या भारतातून आणलाय. मुलांना मराठी यावं म्हणून जिवाचं रान करतो. आणि ज्या देशात ती वाढतायत तिथलं आमच्या घरात काही म्हणजे काही नाही. जर्मन म्हणजे त्याच्यासाठी दाराबाहेरची गोष्ट झालीय, बुटांसारखी.

तुम्ही घरात काय काय करता? नुसती यादी नको, ती मलाही शोधता येते. कसं करता ते सांगा.

तिरफळ | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

रानजाई, आधी तातडीचं बोलू. उद्या बूट ठेवून टाक. सोबत चिठ्ठी: "जिना चुकलो, तिसऱ्या मजल्यावर गेलो, माफ कर. नि." आमच्याकडे एका वर्षी नवरा फिरतीवर आणि मी तापाने पडलेली, तेव्हा निकोलाउस दोन दिवस उशिरा आला होता. लेक आता पंधराची आहे, ती चिठ्ठी तिने अजून जपून ठेवलीय. अक्षर माझं आहे हे तिला कधीच कळलंय.

आता सविस्तर. निकोलाउस नाताळबाबा नव्हे. हा चौथ्या शतकातला बिशप, मायरा गावचा, जे आज तुर्कस्तानात आहे. म्हणून त्याच्या हातात दंड आणि डोक्यावर बिशपची उंच टोपी हवी. चॉकलेटसुद्धा तशा टोपीचं मिळतं, जरा शोधावं लागतं. आणि खाऊ थोडाच ठेवायचा. मूठभर अक्रोड, दोन संत्री, एक चॉकलेट. महागडी खेळणी ठेवू नकोस, एकदा पायंडा पडला की पुढच्या वर्षी बूट पुरत नाही.

खरी गंमत ५ तारखेच्या संध्याकाळी असते. मुलाने आपला बूट स्वतः घासायचा. डिसेंबरातले बूट म्हणजे नुसता चिखल. खाली वर्तमानपत्र अंथरायचं, ब्रश, पॉलिशची डबी, दोघांनी बसायचं. माझ्या मते बूट घासणं हाच सण, खाऊ म्हणजे त्याची दक्षिणा. लेकीला संत्री आठवत नाहीत, पॉलिशचा वास आठवतो.

गुगली | ८ डिसेंबर, सकाळी ७:०५

तिरफळतै, 'जिना चुकलो' भारी आहे! आमचा निकोलाउस एकदा ट्रेन उशिरा असल्यामुळे उशिरा आला होता. मुलांनी लगेच मान्य केलं. इथे राहणाऱ्या कुणालाही तेवढं कारण पुरतं.

कडक_चहा | ८ डिसेंबर, सकाळी ९:३१

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

फ्रांकफुर्टजवळ १७ वर्षं आहे, दोन मुलं, एक कॉलेजात. जर्मन संस्कृती घरात शिकवायची गरजच काय? शाळा, किटा, मित्र, फुटबॉलचा क्लब, सगळीकडे तीच आहे. मुलं आपोआप उचलतात. जे आपोआप मिळत नाही ते घरात द्यावं, म्हणजे मराठी. आमच्या धाकट्याला आजीशी फोनवर धड चार वाक्यं बोलता येत नाहीत. माझी झोप त्याने उडते, बुटाने नाही.

दिवसाला हातात दोन तास असतात. तेही लाटेर्ने (कागदी कंदील) कातरण्यात घालवले तर मराठी कधी शिकवायची?

उंबरठा | ८ डिसेंबर, दुपारी १:१५

कडक_चहा, तुमचं दुःख कळतं, पण 'आपोआप उचलतात' हे पूर्ण खरं नाही. मुलं भाषा उचलतात. सण मात्र मुळात घरात होतो, शाळेत त्याची फक्त चर्चा होते. २४ च्या संध्याकाळी शाळा बंद, दुकानं बंद, ट्राम रिकाम्या. त्या संध्याकाळी जर्मनी घराच्या आत असतो. ज्याच्या घरात तो नाही, त्याला खिडकीतून फक्त दुसऱ्यांचे दिवे दिसतात.

माझा नवरा जर्मन आहे. पण तुम्ही सगळे 'जर्मन संस्कृती' म्हणता तेव्हा तो हसतो आणि विचारतो, कुठली? तो सॅक्सनीतला, एर्त्सगेबिर्गे डोंगरातल्या गावचा. तिथे पूर्वी खाणी होत्या. खाणकामगार हिवाळ्यात अंधारात आत जायचे, अंधारातच बाहेर यायचे, म्हणून उजेडाचं एवढं अप्रूप. आजही आडव्हेंटमध्ये (नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती) गावातल्या प्रत्येक खिडकीत लाकडी कमान असते, वर मेणबत्त्या. तिला श्विबबोगन म्हणतात. सायफेन नावाचं गाव तर लाकडी खेळण्यांवरच जगतं. आमच्याकडे तोंडातून धूर सोडणारा लाकडी बाबा आहे. त्याच्या पोटात धुपाचा छोटा शंकू पेटवून ठेवायचा. माझी आई आली तेव्हा तिने त्याला नमस्कारच केला, उदबत्ती दिसली म्हणून!

आणि भेटवस्तू कोण आणतं यावरून तर आमच्या इमारतीत तंटा झालाय. उत्तरेत आणि पूर्वेत वाइनाख्ट्समान, म्हणजे दाढीवाला म्हातारा. दक्षिणेत आणि पश्चिमेत क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, पण चित्रात दिसते सोनेरी केसांची परीसारखी मुलगी. न्युर्नबर्गला तर दर दोन वर्षांनी एका तरुणीला क्रिस्टकिंड म्हणून निवडतात, तीच तिथला नाताळबाजार उघडते. गंमत म्हणजे क्रिस्टकिंड रुजवलं प्रोटेस्टंटांनी. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरना संतांचं प्रस्थ नको होतं, म्हणून भेटी निकोलाउसकडून काढून नाताळाकडे नेल्या. आता मात्र ते कॅथलिक भागांत जास्त दिसतं.

रानजाई, श्टुटगार्टला बहुतेक क्रिस्टकिंड. लेकाच्या वर्गात काय चालतं ते आधी विचार, नाहीतर २४ नंतर आणखी एक घास अडकेल. :)

रानजाई | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

बूट ठेवला. चिठ्ठीसुद्धा. सकाळी सहाला ओरडत आला, "आई, तो जिना चुकला होता!" आता प्रत्येक मजल्यावर जाऊन चौकशी करायची म्हणतोय, की आधी कुणाकडे गेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मी जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, हो, आला होता, फार चिडलेला होता.

तीन वर्षांत त्यांच्याशी जिन्यात 'ग्र्यूस गॉट'च्या पुढे बोलणं झालं नव्हतं. आज अर्धा तास बोललो.

कडक_चहा, तुमचा मुद्दा मनात राहिलाय. पण मला वाटतं दोन तासांची वाटणी करायचीच नाहीये. बूट घासताना आम्ही मराठीतच बोलत होतो की.

गुगली | ८ डिसेंबर, रात्री १०:१२

श्टुटगार्ट म्हटल्यावर केरवोखे शिकवली की नाही? दारावर पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना तुमचा. 'केर' हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच, त्यामुळे मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही, फक्त झाडू लागतो. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा आमच्याकडे पाटी आली की त्याला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटायचं. ब्रश घेऊन पायरी न पायरी. आता बारा वर्षांचा आहे, पाटी दिसली की पोट दुखतं.

दुसरा विषय प्फांड, म्हणजे बाटली परत केली की मिळणारी अनामत. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा कॅन २५ सेंट, बियरची काचेची बाटली ८ सेंट. यंत्रात बाटल्या मुलांनी घालायच्या, पैसे त्यांचे. बेरीज, शिस्त, पर्यावरण आणि रांगेत उभं राहणं, सगळं एका फेरीत. पुस्तकाची गरज नाही.

औंधची_आजी | ९ डिसेंबर, सकाळी ११:४०

मी पुण्याहून लिहितेय. मुलगा ब्रेमेनला २२ वर्षं. आमच्या घराजवळ ब्रेमेन चौक आहे. तो तिकडे गेला तेव्हा शेजारी म्हणायचे, रिक्षाने गेलात तरी पोचाल.

मुलगा अविवाहित असताना तिशीचा झाला. तिथल्या मित्रांनी त्याला कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडायला लावल्या. तिथे तशी रीत आहे. लग्न न झालेल्याने तिसाव्या वाढदिवसाला पायऱ्या झाडायच्या, मित्र बाटल्यांची झाकणं टाकत राहणार, आणि एखादी मुलगी येऊन मुका घेईपर्यंत सुटका नाही. मला फोटो पाठवला. तीस वर्षांचा घोडा, हातात झाडू. घरी कधी केर काढला नाही मेल्याने.

सांगायचं ते वेगळंच. नात नऊ वर्षांची आहे. दर रविवारी व्हिडिओवर ती मला शिकवते. गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा यांचा तो एकावर एक उभा पुतळा आहे ना, टाऊन हॉलच्या कडेला, १९५३ सालचा, त्याच्या गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरायचे आणि मनात इच्छा धरायची. मी गेले तेव्हा एका हाताने धरले. नात खो खो हसली. म्हणाली, आजी, एका हाताने धरलं तर तिथले लोक म्हणतात, एक गाढव दुसऱ्या गाढवाला भेटलं!

तिला हे सगळं मराठीत समजावून सांगावं लागतं, कारण मला जर्मन येत नाही. त्यामुळे तिचं मराठी सुधारलं. कडक_चहा, तुमच्या धाकट्याला म्हणावं, आजीला शिकव. 'शिक' म्हटलं की मुलं पळतात, 'शिकव' म्हटलं की बसतात.

कडक_चहा | ९ डिसेंबर, दुपारी १२:२५

आजी, हे मला सुचलं नव्हतं. या रविवारी प्रयत्न करतो.

पुन्हा_पुण्यात | १० डिसेंबर, रात्री १०:३०

नऊ वर्षं म्युनिकला राहून दोन वर्षांपूर्वी पुण्यात परतलो. आता आमचा प्रश्न उलटा झालाय, मुलांतलं जर्मनपण टिकवायचं कसं. टिकलं काय ते सांगते, बघा कामाला येतं का.

सण फारसे टिकले नाहीत. खिडकीत ३० अंश असताना आडव्हेंटच्या मेणबत्त्या वाकतात. हौस म्हणून करतो, एवढंच.

टिकलं ते आबेंडब्रोट. संध्याकाळी सातला गरम स्वयंपाक नाही. पाव, चीज, काकडी, मुळा, लोणी, सगळं टेबलावर मधोमध. प्रत्येकाने आपापला पाव आपणच सजवायचा. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. माझ्या आईला तर अजून वाटतं मुलं उपाशी झोपतात. पण त्या जेवणात आई स्वयंपाकघरात आणि बाकीचे टेबलावर असं होत नाही. सगळे एकदम बसतात आणि एकदम उठतात. मुलांना तीच सवय झाली. पोळी-भाजीच्या दिवशीसुद्धा मुलगा म्हणतो, तू बसल्याशिवाय आम्ही सुरू करणार नाही.

तिकडे पावाचं प्रस्थ केवढं हे आठवलं की अजून जीव तुटतो. ३ हजारांवर प्रकारचे पाव नोंदवलेत, आणि २०१४ मध्ये त्यांनी आपल्या राष्ट्रीय वारसा यादीत पावाची संस्कृतीच घातली. तुम्ही तिथे आहात तर दर शनिवारी मुलाला बेकरीत पाठवा. दर वेळी नवा पाव त्याने निवडायचा, नाव त्याने विचारायचं, पैसे त्याने द्यायचे. आम्ही हे फार उशिरा सुरू केलं.

आणि वाढदिवस! आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन. इथे पुण्यात सोसायटीतल्या काकूंनी आदल्या दिवशी 'ॲडव्हान्समध्ये हॅपी बर्थडे' म्हटलं तर लेक रडवेली झाली होती.

रानजाई | १२ डिसेंबर, रात्री ११:०५

केवढं मिळालं. आजी, तुमचं वाक्य फ्रिजवर लावलंय.

आडव्हेंटचं डहाळ्यांचं कडं करून टाकलं, उशिरा का होईना. चारपैकी दोन मेणबत्त्या एकदम पेटवाव्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी फरच्या डहाळ्या दिल्या आणि गोष्टही सांगितली. १८३९ मध्ये हांबुर्गला विखर्न नावाचे पाद्री निराधार मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी. म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजची एक छोटी, रविवारची मोठी. लेक लगेच म्हणाला, मग आपणही चाक आणू. नवरा सायकलकडे बघतोय.

आता एक अवघड प्रश्न. शाळेच्या वाटेवर एका दारासमोर पितळी चौकोन बसवलेत, नावं कोरलेली. लेक वाचायला शिकतोय, त्यामुळे दिसेल ते वाचतो. परवा विचारलं, "इथे कोण राहायचं? आता कुठे गेले?" मी घाईत आहे म्हणून पुढे ओढलं. ते माहीत आहे मला, श्टोल्परश्टाइन. पण सहा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं? आणि ते आपण सांगायचं का?

तिरफळ | १३ डिसेंबर, रात्री १०:१५

सांगायचं. त्याने विचारलंय म्हणजे सांगायचं.

आम्ही कोलोनला राहतो. पहिला दगड १९९२ मध्ये इथेच बसला. गुंटर डेमनिश नावाच्या कलाकाराची ही कल्पना. १० बाय १० सेंटिमीटरचा दगड, वर पितळेचा पत्रा, सुरुवातीला बहुतेक वेळा 'इथे राहत होते' हे शब्द, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं. जिथे ते माणूस आपल्या मर्जीने शेवटचं राहिलं त्या दारासमोर बसवतात. २०२३ पर्यंत युरोपभर एक लाखाच्या वर झाले.

लेक सात वर्षांची असताना मी एवढंच म्हटलं होतं: इथे एक कुटुंब राहत होतं. ते ज्यू होते. तेव्हाच्या सरकारने ज्यू लोकांना घरातून काढून नेलं आणि मारलं. ते फार वाईट होतं आणि इथल्या लोकांना ते विसरायचं नाहीये, म्हणून नाव दारात ठेवलंय. तिने विचारलं, शेजारी काही बोलले नाहीत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेही सांगितलं.

९ नोव्हेंबरला लोक हे दगड घासून चकचकीत करतात, मेणबत्ती ठेवतात. १९३८ मध्ये त्या रात्री सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले होते. (१९८९ मध्ये भिंत पडली तीही ९ नोव्हेंबरलाच. ही एक तारीख समजावून सांगायला मला तीन वर्षं लागली.) आम्ही दर वर्षी आमच्या गल्लीतले तीन घासतो. आपण देवाची भांडी घासतो तसंच, काळं पडलेलं पितळ हळूहळू उजळतं. पहिल्या वर्षी लेकीने मला विचारलं, आपले इथे कुणी राहत नव्हते, तरी आपण का घासायचं? मी म्हटलं, आपण आता इथे राहतो ना.

रानजाई, मला तर वाटतं तुझ्या धाग्याचं अर्धं उत्तर इथे आहे. नुसता खाऊ आणि लाटेर्ने दिले तर मूल पाहुणं राहतं. घरातल्या माणसाला घरातलं वाईटही माहीत असतं.

कडक_चहा | १३ डिसेंबर, रात्री ११:४०

तिरफळ, हे वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो.

रविवारचा अहवाल: धाकट्याने आजीला ऑफसाइड म्हणजे काय ते शिकवायचा प्रयत्न केला. ४० मिनिटं. माझ्या आईला काही कळलं नाही. मराठीत 'बचावपटू' हा शब्द त्याने मला दोनदा विचारला.

उंबरठा | १४ डिसेंबर, सकाळी ८:५०

बचावपटू!! झकास.

एक राहिलं. धाकटीसाठी आत्ताच डोक्यात ठेव, तिची शूलट्यूटे घरी कर. पहिलीच्या पहिल्या दिवशीचा तो कागदी कोन. आमच्या सॅक्सनीत त्याला त्सुकरट्यूटे म्हणतात आणि तो सहाकोनी, ८५ सेंटिमीटरचा असतो. पश्चिमेकडे गोल, ७० चा. यावरूनही नवरा भांडतो. मुलांना सांगतात, शाळेच्या तळघरात कोनांचं झाड आहे, मूल मोठं झालं की त्याचा कोन पिकतो. आजी-आजोबा, मावशी, आत्या सगळे त्या दिवशी जमतात. माझे आई-बाबा खास त्यासाठी आले होते. बाबांनी कोनात गुपचूप पाटी-पेन्सिल टाकली. पाटीवर आधीच 'श्री' काढलेला.

रानजाई | १४ डिसेंबर, सकाळी ९:१०

लेकाला आम्ही तयार कोन विकत आणून दिला होता. बाकीच्या पालकांनी किटात बसून केले होते, ती सूचना मी धड वाचलीच नव्हती. असो. पाटीची कल्पना पळवतेय.

रानजाई | ५ डिसेंबर, रात्री ९:२५

वर्षाने धागा वर काढतेय.

यंदा ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या कंदिलांच्या मिरवणुकीत लेकाने आमचा दिवाळीचा आकाशकंदील काठीला लावून नेला. आत बॅटरीचा दिवा. बाई म्हणाल्या, नियमात बसतं. घोड्यावरच्या मार्टिनने आपला झगा फाडून भिकाऱ्याला अर्धा दिला, ही गोष्ट त्याने घरी येऊन सासूबाईंना सांगितली, पूर्ण मराठीत. फक्त 'झगा' अडला, तिथे 'शाल' म्हणाला. सासूबाई सध्या इथेच आहेत. ९ तारखेला दगडही घासले, दोन. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मेणबत्ती धरून उभ्या होत्या.

पण आता तातडीची मदत हवीय. संध्याकाळी लेकाने वर्तमानपत्र अंथरून सगळ्यांची पादत्राणं घासली. स्वतःचे बूट, बहिणीचे, आमचे दोघांचे. आणि सासूबाईंची कोल्हापुरी. पाचही जोड दाराबाहेर ओळीत लावलेत. आजीलाही निकोलाउसकडून मिळालंच पाहिजे म्हणतो.

कोल्हापुरीत अक्रोड ठेवायचे कसे? घरंगळतायत.

गुगली | ५ डिसेंबर, रात्री ९:३१

अंगठ्यात संत्रं अडकव.

औंधची_आजी | ५ डिसेंबर, रात्री ९:४४

भारतात मध्यरात्र उलटून गेलीय पण लिहिते. अक्रोड राहू देत, सासूबाईंचे दात विचारात घे. खजूर ठेव, चिकटून राहतील.